नावावर गुन्हा दिसला की नोकरी नाही? नियम तसं सांगत नाही

शिरवळ, सातारा, कुपवाड, पलूस इथल्या एमआयडीसीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘नव्या नियमानुसार प्रत्येक कामगाराची चारित्र्य पडताळणी सक्तीची. गुन्हा दिसला तर कामावर ठेवता येणार नाही. डेटा कायद्यामुळे जुनी कंपनी आता काहीच सांगू शकत नाही, म्हणून पोलिसांचा दाखला हाच एकमेव पुरावा.’ यावर विसंबून कुणी पोरांना गेटवरूनच परत पाठवू नये, म्हणून हा खुलासा.

‘प्रत्येकाला सक्ती’

फिटर, वेल्डर, पॅकिंगवाला अशा प्रत्येकाची पोलीस पडताळणी खासगी कारखान्याने केलीच पाहिजे, असा सरसकट कायदा नाही. सक्ती आहे ती ठरावीक ठिकाणी, आणि तिथे ती पाळलीच पाहिजे. पॉक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या 2020 च्या नियमांप्रमाणे शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी अशा मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी शिक्षक असो वा शिपाई, कायम असो वा ठेक्यावरचा, सगळ्यांची पडताळणी ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा करायची आहे. मुलांची ने-आण करणारी ‘गाडी ठेकेदाराची, माणूसही त्याचाच’ म्हणून शाळेने अंग काढून घेणं या नियमाच्या हेतूलाच धरून नाही. सुरक्षारक्षक एजन्सीवरही 2005 च्या कायद्याने रक्षकाचं चारित्र्य तपासायची जबाबदारी आहे.

‘गुन्हा दिसला की बाद’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. आपल्याकडे पोरांच्या नावावर गुन्हे कसे येतात? ऊसदराच्या आंदोलनात रस्ता रोखला, बांधावरून भावकीत मारामारी झाली, जत्रेत राडा झाला आणि फिर्यादीत दहा नावं पडली. एफआयआर म्हणजे तक्रारीची नोंद, शिक्षा नव्हे. दाखल, प्रलंबित, निर्दोष सुटका आणि शिक्षा या चार वेगळ्या अवस्था आहेत. दाखल्यावर शेरा दिसला तर कलम कोणतं, वर्ष कोणतं, निकाल काय, हे उमेदवाराला विचारा आणि कोर्टाच्या निकालाची प्रत मागा.

सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात हीच दिशा दिली. किरकोळ प्रकरण लपवलं असलं तरी परिस्थिती पाहून ते माफ करता येतं, गंभीर प्रकरण लपवलं तर नोकरी जाऊ शकते, आणि खरं सांगितलं तरी नेमायचं की नाही हे पूर्वेतिहास पाहून ठरवायचा हक्क मालकाला राहतोच. निकाल सरकारी नोकरीतल्या प्रकरणावर आहे, पण खासगी एचआरनेही तोच विचार करावा. त्यात आणखी एक मुद्दा आहे: फॉर्ममधला प्रश्न नेमका हवा. ‘पूर्वेतिहास स्वच्छ आहे का?’ असं मोघम विचारून नंतर खोटेपणाचा ठपका ठेवू नये. अल्पवयीन असताना घडलेल्या प्रकरणांना बाल न्याय कायद्याचं कलम 24 संरक्षण देतं. तो प्रश्न फॉर्ममध्ये नकोच.

‘दाखला हाच पुरावा’

पोलिसांची चौकशी मुळात अर्जातल्या पत्त्यावरून सुरू होते. माणदेशातल्या गावचा पत्ता दिला आणि मधली चार वर्षं परराज्यात काढली असतील, तर तिथलं काही या कागदावर येईलच असं नाही. शिवाय भरतीत फसवणूक जास्त होते ती अनुभवाच्या खोट्या पत्रांनी, आणि त्याबाबत दाखला काहीच सांगत नाही.

त्यासाठी यूएएनची, म्हणजे कामगाराच्या कायम पीएफ क्रमांकाची, सर्व्हिस हिस्टरी (कुठे, कधी काम केलं याची नोंद) बघा. उमेदवारालाच त्याच्या मोबाइलवर उघडून दाखवायला सांगा, पासवर्ड मागू नका. इथे दोन ठिकाणी गल्लत होते. ठेक्यावर काम केलेल्याच्या पीएफवर ठेकेदाराचं नाव दिसतं, कंपनीचं नाही. म्हणजे तो खोटं बोलतोय असं नव्हे. आणि जुन्या मालकाने सोडल्याची तारीख भरली नसेल तर एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्यासारखं दिसतं. शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाले की ती तारीख कामगार स्वतः पोर्टलवर भरू शकतो. नाकारण्याआधी तेवढी मुदत द्या. दहावी-बारावीचं मार्कशीट डिजिलॉकरमधून घ्या, शंका आली तर कोल्हापूर विभागीय मंडळाकडे विचारा. सातारा-सांगली दोन्ही त्यातच येतात.

‘जुनी कंपनी सांगू शकत नाही’

2023 च्या वैयक्तिक डेटा कायद्याने अशी बंदी घातलेली नाही. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं 18 महिन्यांनी लागू होतात. नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला कायद्यात सवलत आहे. पण उमेदवार अजून कर्मचारी नसतो, म्हणून लेखी संमती घ्यावी. कोणती माहिती, कशासाठी आणि संमती मागे कशी घ्यायची, हे त्यात स्पष्ट लिहा. सूचना मराठीत मिळायची सोय कायद्यातच आहे. मग जुन्या कंपनीला पद आणि तारखा एवढंच विचारा.

पडताळणी निवड झाल्यावर, निवडलेल्यांचीच करा. बाकीच्यांचे आधार, पॅन, मार्कशीटचे फोटो ठेकेदाराच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं पडून राहतात. काम संपलं की ते काढून टाकणं हेही याच कायद्यात आहे, आणि माहितीची पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची मर्यादा 250 कोटी रुपयांपर्यंत आहे.