काशाच्या आवाजाबद्दलही लिहा

ब्राँझवरचा तुमचा लेख आवडला. पुतळे, पदकं, ब्राँझयुग, सगळं आलं. पण तांब्यात कथील मिसळल्यावर धातूला जो नाद येतो त्यावर एक ओळही नाही, याची चुटपुट लागली. आमच्या गोव्यात चवथीला घुमट आरती सुरू झाली की घुमट आणि शामेळ या चर्मवाद्यांच्या जोडीला कासाळं, म्हणजे झांज, हवंच, आणि ते काशाचं, म्हणजे जास्त कथलाच्या ब्राँझचं. पुतळ्याच्या ब्राँझमध्ये कथील साधारण १० टक्के असतं, घंटेच्या काशात २० ते २२ टक्क्यांच्या आसपास. कथील वाढलं की धातू कडक होतो, नाद लांबतो, पण ठिसूळपणाही वाढतो. म्हणून कासाळं फरशीवर आपटलं तर पोचा येण्याऐवजी सरळ तडा जातो. तो केसाएवढा असला तरी आवाज बद्द होतो, आणि डाग देऊन पहिला नाद काही परत येत नाही. (पितळेचं तसं नाही, त्यात कथलाऐवजी जस्त, त्याला पोचा येतो.) जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलच्या घंटेला तर तिच्या नादामुळेच सोन्याची घंटा म्हणतात. पुढच्या लेखात घंटा आणि झांजा ओतणाऱ्या कारागिरांवर जरूर लिहा, मनापासून वाचेन.