पूर्ण नाव, खोली नंबर, आणि आता जन्मतारीख

गेल्या रविवारी भाचीच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन ही विंडोजसारखीच, पण मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बसवून दिली. भाचीचं वय वर्षं अकरा. तिचं खातं उघडायला टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'अ‍ॅडयूजर' दिलं, तर त्यानं विचारायला सुरुवात केली: पूर्ण नाव, खोली नंबर, ऑफिसचा फोन, घरचा फोन. "मामा, याला खोली नंबर कशाला हवाय?" म्हटलं, एकेकाळी एकाच संगणकावर अख्खं ऑफिस काम करायचं, कोण कुठे बसतं ते माहीत असलेलं बरं. तू नुसतं एंटर दाब. तिनं दाबलं.

कॅलिफोर्नियाला आता खातं उघडताना वयही विचारलेलं हवंय. गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये सही केलेला एबी १०४३ कायदा १ जानेवारी २०२७ ला लागू होतो. वय ऑपरेटिंग सिस्टिमनं विचारायचं, आणि अ‍ॅपनं चौकशी केली की वयोगट कळवायचा. चुकलात तर एकेका मुलामागे २,५०० डॉलरपर्यंत दंड, मुद्दाम केलंत तर ७,५०० पर्यंत.

तसा हा कायदा मवाळच. ओळखपत्र मागत नाही, सांगाल ते वय मान्य. ओळखपत्रं गोळा केली की काय होतं ते डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपनं दाखवलंय. २०२५ मध्ये त्यांच्या बाहेरच्या कंत्राटदाराकडून सुमारे ७०,००० जणांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो फुटले असावेत, असं त्यांनी स्वतःच कळवलं होतं.

माझा आक्षेप वेगळा आहे. ऑपरेटिंग सिस्टिम म्हटलं की तिच्यामागे एक कंपनी, तिचं अ‍ॅपचं दुकान आणि तिचे वकील असणारच, असं हा कायदा धरून चालतो. अ‍ॅपल-गूगलकडे हे सगळं आहे. गूगल आणि मेटानं तर या कायद्याला पाठिंबाच दिला. पण १९९३ पासून चालत आलेल्या डेबियनला मालकच नाही. जगभरचे स्वयंसेवक नोकरी सांभाळून त्यातल्या सॉफ्टवेअरची पॅकेजं बांधतात, विद्यापीठं आपापल्या सर्व्हरवर त्याच्या प्रती ठेवतात. नोटीस कुणाच्या दारावर चिकटवणार? 'कॅलिफोर्नियात वापरू नका' असं लायसन्समध्ये लिहावं, तर ते मुक्त लायसन्स राहत नाही. कुणीही, कशासाठीही वापरावं ही तर पहिलीच अट.

आणि वयाचा प्रश्न घातला, तरी सोर्स कोड उघडा आहे. काढणारा चार ओळी काढून नवी आवृत्ती सोडेल. (सर्व्हरवर दहा सेकंदांपुरता जन्माला येणाऱ्या कंटेनरचं, म्हणजे तात्पुरत्या छोट्या सिस्टिमचं, वय काय धरायचं, हे कुणीतरी समजावून सांगा.)

ताईची काळजी खोटी नाही. पोरगी रील्समध्ये तासन्‌तास अडकते, ते मीही बघतो. पण ते रील्स बनवणाऱ्याला धरा ना! ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना सोशल मीडियाची खाती बंद केली. ती बंदी मला पटत नाही, पण प्रोग्रॅमचा कोड ठेवायच्या गिटहब साइटला त्यातून वगळण्याइतका विचार तरी त्यांनी केला. आपल्याकडेही २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागणार आहे. उद्या एखाद्या पोरानं एखाद्या छोट्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाला पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवायचं म्हटलं, तर ही संमती तिथे कोण तपासत बसणार?

लॅपटॉपचा अ‍ॅडमिन पासवर्ड मी भाचीलाच दिलाय, मोडून बघितल्याशिवाय शिकणार कशी? संध्याकाळी ताईचा फोन आला, लॉगिनच्या पडद्यावर कुणी 'मोती' दिसतोय म्हणून. मोती त्यांचा कुत्रा. खोली नंबर एक, घरचा फोन ताईचाच.