‘पैकी’ म्हणजे नक्की कुणापैकी?

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या आतेभावाने परवा घरच्या ग्रुपवर लिहिलं, “इथले सरकारी मदतीवर जगणारे काळे लोक कामच करत नाहीत.” मी विचारलं, “दादा, जे मदतीवर जगतात तेवढेच, की सगळे?” तो म्हणाला, “अर्थ कळला ना तुला, मग झालं.”

मला दोन अर्थ कळले. ‘मदतीवर जगणारे’ हे शब्द काळ्या लोकांतले काही जण निवडून काढतात, किंवा ‘कष्टाळू मुंग्या’ म्हणावं तसं सगळ्यांचंच वर्णन करतात. मराठीत दोन्हींची रचना एकच. इंग्रजी लिहिताना निदान स्वल्पविराम हा फरक दाखवतो. आपल्याकडे त्यासाठी ‘जे… ते’ आहे. “जे काळे लोक मदतीवर जगतात, ते” असं म्हटलं की बाकीचे त्या वाक्यातून सुटतात. दोन शब्दांचा खर्च आहे, तो करायला हवा. इथे भारतात ‘सवलती घेणारे अमुक’ म्हणतानाही आपण तो वाचवतो, आणि ते माझ्या मनाला फार लागतं.

पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या रोनाल्ड रेगन यांनी १९७६च्या प्रचारात शिकागोच्या एका बाईची गोष्ट सांगितली होती: अनेक नावं, अनेक पत्ते, सरकारी पैशांची लूट. वंशाचा उल्लेखही नव्हता. पण ऐकणाऱ्यांनी त्या एका बाईचं अनेकवचन केलं आणि तिला रंगही दिला.

आता ‘पैकी’. अमेरिकेत स्नॅप, म्हणजे गरिबांना अन्नासाठी मिळणारी सरकारी मदत (पूर्वीचे फूड स्टॅम्प), घेणाऱ्यांपैकी साधारण एक चतुर्थांश कृष्णवर्णीय असतात. सर्वांत मोठा गट गोऱ्यांचा. लोकसंख्येत कृष्णवर्णीय १३ टक्क्यांच्या आसपास, तेव्हा त्यांच्यात मदत घेणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे, हे खरं. पण “कृष्णवर्णीयांपैकी जास्त जण मदत घेतात” हे वाक्य बोलता बोलता “मदत घेणाऱ्यांपैकी बहुतेक कृष्णवर्णीय” असं उलटतं. पहिलं गरिबीबद्दल आहे, आणि त्या गरिबीला गुलामगिरीपासूनचा इतिहास आहे. दुसरं धडधडीत खोटं आहे.

राहिलं ‘कामच करत नाहीत’. त्या क्रियापदाचा कर्ता कोण, दादा? स्नॅप घेणाऱ्यांत ४० टक्क्यांच्या आसपास लहान मुलं आहेत. शिवाय म्हातारी माणसं आहेत, अपंग आहेत. पहिलीतल्या पोराने कुठल्या कामावर जायचं?