रमी कौशल्याची, पण नाल घेणारा कोण?

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हापासून एक लांबलचक मेसेज वेगवेगळ्या रूपांत फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर येतो, कॉलेजच्या ग्रुपवर येतो, एकदा तर नात्यातल्या लग्नाच्या ग्रुपवर केटररच्या मेनूखाली येऊन पडला. सार असं: रमी आणि फॅन्टसी क्रिकेट (खऱ्या सामन्यातले अकरा खेळाडू निवडून आपला संघ लावायचा आणि त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचे) हा जुगार नव्हेच, हे कौशल्याचे खेळ आहेत, सुप्रीम कोर्टानंच तसं म्हटलंय. हरणारा आपल्या मर्जीनं हरतो. बंदीमुळे दोन लाख नोकऱ्या आणि वर्षाचा वीस हजार कोटींचा कर बुडाला. भारतातला गेमिंग उद्योग संपला. लोक आता परदेशी ॲपवर जातील. आणि शेवटी, सरकार स्वतः लॉटरी विकतं, शेअर बाजारातली सट्टेबाजी चालू देतं, मग रमीनंच काय घोडं मारलंय?

यातलं सगळंच खोटं असतं तर वाचून सोडून दिलं असतं. पण अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्याचाच त्रास जास्त.

"सुप्रीम कोर्टानं कौशल्याचा खेळ म्हटलंय"

म्हटलंय. १९६७ सालचा निकाल आहे, आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण. सिकंदराबादच्या एका क्लबवर पोलिसांनी धाड घातली, रमी खेळणारे सापडले, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी निकालात लिहिलं की रमी ही तीन पत्तीसारखी निव्वळ नशिबावर चालत नाही. कुठली पानं पडली ते लक्षात ठेवावं लागतं, कुठलं धरायचं आणि कुठलं टाकायचं याला डोकं लागतं.

मेसेज इथे थांबतो. निकाल थांबत नाही. त्यात पुढे असंही म्हटलंय की पैसे लावून चाललेल्या रमीतून क्लबचा किंवा घराचा मालक स्वतः नफा काढत असेल, तर गुन्हा ठरू शकतो. सिकंदराबादचा क्लब सुटला तो केवळ रमीला डोकं लागतं म्हणून नाही. क्लब सभासदांकडून सोयीसुविधांपुरते पैसे घेत होता, त्यापलीकडे खेळावर कमाई करत होता असा पुरावा पुढे आला नाही, हेही तितकंच महत्त्वाचं होतं.

आता पैशांच्या रमीचं कुठलंही ॲप आठवा. ॲप चालवणारी कंपनी धर्मादाय म्हणून पत्ते वाटत नव्हती. प्रत्येक डावातून ती आपला हिस्सा काढून घ्यायची, कोण जिंकलं याच्याशी तिला देणंघेणं नाही. गावाकडच्या अड्ड्यावर हे काम करणारा माणूस कोपऱ्यात बसलेला असतो, त्याला नाल (डावामागचा हिस्सा) घेणारा म्हणतात. तो खेळत नाही, म्हणून हरतही नाही. धाड पडली की गुन्हा आधी त्याच्यावर दाखल होतो. ॲपवर नालेचं नाव 'प्लॅटफॉर्म फी' झालं आणि नाल घेणाऱ्याचा फोटो अर्थविषयक पुरवण्यांत यशस्वी उद्योजक म्हणून छापून येऊ लागला, एवढाच फरक.

नंतर हायकोर्टांनी कंपन्यांच्या बाजूनं कौल दिले, ते लपवायचं कारण नाही. पंजाब-हरियाणा हायकोर्टानं २०१७ मध्ये आणि मुंबई हायकोर्टानं २०१९ मध्ये ड्रीम इलेव्हन या फॅन्टसी क्रिकेटच्या ॲपचा खेळ कौशल्याचा मानला. मात्र २०२५ च्या कायद्यानं हा वादच बाजूला सारला. कौशल्य असो की नशीब, पैसे भरून त्याबदल्यात पैसे जिंकण्याची आशा दाखवणारा ऑनलाइन खेळ चालवायचा नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कंपन्यांनी त्याला आव्हान दिलं आणि हायकोर्टांतल्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आपल्याकडे वर्ग करून घेतल्या. तिथे काय व्हायचं ते होईल. पण १९६७ च्या निकालाचा दाखला देणाऱ्यानं तो शेवटपर्यंत वाचावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

(जाता जाता: जुलै २०२५ मध्ये माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर विधिमंडळात रमी उघडलेली असतानाचा व्हिडिओ बाहेर आला, तेव्हा ते राज्याचे कृषिमंत्री होते. आपण खेळत नव्हतो, ते स्क्रीनवर आलेलं बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. महिना संपता संपता त्यांचं खातं बदललं आणि त्यांना क्रीडा खातं मिळालं. कौशल्याचा खेळ असल्याची याहून मोठी पावती मेसेजवाल्यांना कुठे मिळणार!)

"हुशार असाल तर जिंकाल"

हे मेसेजमध्ये सरळ लिहिलेलं नसतं, पण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. म्हणून कागद-पेन घेऊन बसू.

लातूरचा एक आणि नाशिकचा एक, दोघं अगदी सारख्या ताकदीचे. प्रत्येक डावाला शंभर-शंभर लावतात. नाल पंधरा टक्के धरू. दोनशेतले तीस कंपनीचे, जिंकणाऱ्याला एकशे सत्तर. दहा डाव झाले, दोघांनी पाच-पाच जिंकले. दोघांचे हजार-हजार गेले आणि साडेआठशे-साडेआठशे परत आले. कुणी चुकीचं पान टाकलं नाही, कुणी वेड्यासारखा खेळला नाही, तरी दोघं दीडशेनं खाली आणि कंपनी तीनशेनं वर. फायदा सोडा, नुसतं बरोबरीत राहायचं तरी शंभरातले ५९ डाव जिंकायला हवेत. नाल दहा टक्क्यांवर आणली तरी ५६. आपल्या तोडीच्या माणसाविरुद्ध हे महिनोन्महिने कुणाला जमतं?

यात कर अजून धरलेलाच नाही. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, म्हणजे शंभर भरले की त्यातले जवळपास बावीस रुपये तिथेच कापले जायचे. कंपन्या तेवढ्याचा बोनस देऊन ग्राहकाला ते जाणवू देत नव्हत्या. वर निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस.

बरं, समजा दोघं सारखे नाहीत. समजा खेळ खरोखरच कौशल्याचा आहे. मग तर गोष्ट आणखी वाईट होते. कौशल्य खरं असेल तर कसलेला खेळाडू नवख्याला पुन्हा पुन्हा हरवणार, हे ठरलेलंच. फॅन्टसी क्रिकेटमध्ये एकाच स्पर्धेत एकेक जण वीस-वीस संघ उतरवत होता, आकडेवारीचे तक्ते मांडून बसत होता. समोर कोण? रात्रपाळी संपवून आलेला, मित्रानं लिंक पाठवली म्हणून ४९ रुपयांत एक संघ लावणारा. नशीब म्हणाल तर हा जुगार, आणि कौशल्य म्हणाल तर तो नवखा दुसऱ्याच्या ताटातला घास. कंपन्यांनी कोर्टात दुसरी बाजू मांडली आणि जाहिरातीत पहिली: कुणीही जिंकू शकतो.

जिंकलेल्यांच्या बातम्या होतात, हे मान्य. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकानं ड्रीम इलेव्हनवर दीड कोटी जिंकले, पेढे वाटले, मुलाखती दिल्या आणि आठवडाभरात तो निलंबित झाला. त्याच सामन्यावर हरलेल्या लाखो संघांची बातमी कुणी केली नाही. कशी करणार?

"मर्जीनं खेळतो, मर्जीनं हरतो"

मर्जी म्हणजे काय ते संध्याकाळी सात वाजता पाहा. साडेसातचा सामना, सातला नाणेफेक. त्याच वेळी खरे अकरा कळतात. आपण घेतलेला गोलंदाज बाहेर बसला, हे कळल्यावर हातात अर्धा तास. फोन थरथरतो: संघ जाहीर झाले, तुमचा संघ बदला. कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट, म्हणून आणखी एक संघ लावावासा वाटतो, मग आणखी एक. पैसे यूपीआयवरून जातात, पाकीट उघडावं लागत नाही. ही अर्ध्या तासाची घाई आपोआप झालेली नाही, ती कुणीतरी बसून आखलीय.

त्यात सांगणारे कोण? देशातले सगळ्यात लाडके क्रिकेटपटू, ओळखीचे मराठी चेहरे. २०२० च्या आयपीएलचं नावच २२२ कोटींना ड्रीम इलेव्हननं घेतलं होतं, २०२३ पासून भारतीय संघाच्या जर्सीवर तेच नाव होतं. जाहिरातीच्या शेवटी आर्थिक जोखीम आहे, सवय लागू शकते, हे वाक्य अशा वेगानं वाचलं जायचं की लिलावात बोली लागतेय असं वाटावं. तो इशारा कंपन्यांनी हौसेनं दिलेला नव्हता; जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेनं डिसेंबर २०२० पासून तो सक्तीचा केला होता. आपल्या मालाची सवय लागते हे ज्या जाहिरातीत बोलावं लागतं, तिथे मर्जीचा मुद्दा जरा जपून मांडावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन ही स्वतंत्र नोंद आहे.

"दोन लाख नोकऱ्या, वीस हजार कोटींचा कर"

दोन्ही आकडे गेमिंग कंपन्यांच्या संघटनांनी गृहमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रातले आहेत. म्हणून खोटेच, असं नाही. पण ते कुणाचे आहेत हे मेसेजमध्ये सांगायला हवं होतं. नोकऱ्या गेल्या, हे खरं आहे. मुंबई-बेंगळुरूच्या पोरापोरींना आठवड्याभरात घरी बसवलं गेलं, त्यांचा दोष काहीच नव्हता, आणि लोकसभेत एका दिवसात, राज्यसभेत दुसऱ्या दिवशी विधेयक मंजूर करून तिसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची सही घेणाऱ्या सरकारनं त्यांचा विचार केलेला दिसला नाही. ही घाई मला पटलेली नाही.

कराचं मात्र वेगळं. जीएसटी वाढल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत ऑनलाइन गेमिंगमधून ६,९०९ कोटी मिळाल्याचं अर्थमंत्र्यांनी सांगितलं होतं. २८ टक्क्यांनी उलटा हिशेब केला तर सहा महिन्यांत लोकांनी कर सोडून साधारण पंचवीस हजार कोटी भरले. सरकारचाच अंदाज असा की पंचेचाळीस कोटी लोक वर्षाला सुमारे वीस हजार कोटी गमावत होते. म्हणजे ज्या कराबद्दल हळहळ चाललीय, तो याच गमावणाऱ्यांच्या खिशातून येत होता. तेच पैसे किराणा, फी, दुचाकीचा हप्ता यांत गेले असते तर त्यावरही कर मिळालाच असता.

"गेमिंग उद्योग संपला"

साफ चूक. कायद्यानं ई-स्पोर्ट्सला (व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना) मान्यता दिली आणि पैसे न लावता खेळायच्या खेळांना हात लावला नाही. नवी मुंबईत बनलेलं लुडो किंग कोट्यवधी फोनवर आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी' नावाचा खेळ २०२० मध्ये जगभर विकला. पुण्याचंच सुपरगेमिंग आहे. चित्रं काढणारे, कोड लिहिणारे, संगीत देणारे लोक लागतात या धंद्याला. त्याला आणि डावामागे नाल काढण्याला एकाच 'गेमिंग' शब्दात कोंबणं कंपन्यांच्या सोयीचं होतं.

"लोक परदेशी ॲपवर जातील"

हा मेसेजमधला सगळ्यात वजनदार मुद्दा. काही जातील, काही गेलेही. परदेशातून चालणारी सट्ट्याची ॲप बंदीच्या आधीपासून इथे होती. वन एक्स बेट या अशाच एका ॲपच्या प्रकरणात ईडीनं माजी क्रिकेटपटूंना चौकशीला बोलावलं. सरकारनं चौदाशेहून जास्त साइट आणि ॲप ब्लॉक केली, तरी नवी उगवतात. पण हेही बघा, इथली अधिकृत ॲप जोरात होती तेव्हाही परदेशी ॲप जोरातच होती. अधिकृत दुकान उघडं ठेवल्यानं चोरटं दुकान बंद झालं नव्हतं. आणि टेलिग्रामवर कुणा अनोळखी माणसाला पैसे पाठवायला जे धाडस लागतं, ते जर्सीवर नाव असलेल्या ॲपला पाठवायला लागत नव्हतं. पहिल्यांदा खेळणारा त्या जर्सीमुळे यायचा. राहिलेल्यांसाठी पैशांच्या वाटा अडवणं हाच उपाय, आणि त्यात बँका नि यूपीआय कंपन्या किती मनापासून काम करतात यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. व्यसनातून बाहेर काढायला तालुक्याच्या ठिकाणी समुपदेशक कुठे आहे, याचंही उत्तर सरकारनं दिलेलं नाही.

"मग लॉटरी आणि शेअर बाजार का चालतो?"

इथे भांडण नाही. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (भावाच्या चढउतारावरच्या सौद्यांत) उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. त्यानंतर सेबीनं नियम आवळले. मला विचाराल तर अजून आवळावेत. राज्याची लॉटरी १९६९ पासून चालू आहे, ती उद्या बंद झाली तरी माझी तक्रार नसेल. सरकारचा दुटप्पीपणा उघडा पाडायचा असेल तर मीही सोबत आहे.

फक्त एक अडचण आहे. मेसेजच्या सुरुवातीला म्हटलंय की रमी हा जुगार नव्हेच, आणि शेवटी तिची जोडी लॉटरी आणि सट्ट्याशी लावलीय. लिहिणाऱ्यानं यातलं कुठलं एक ठेवायचं ते आधी ठरवावं, मग पुढे पाठवावं.