पाच डॉलरची चीर

फाटकी नोट खपवणं ही आपल्याकडे पिढीजात कला आहे. घडी घालायची, दोन बऱ्या नोटांच्या मध्ये सरकवायची आणि कंडक्टर घाईत असताना निर्विकार चेहऱ्यानं पुढे करायची. कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेनमध्ये, या विद्येचं पार पानिपत होतं.

कंबोडियात डॉलर आणि रियल दोन्ही चालतात. डॉलरला साधारण चार हजार रियल. सेंटची नाणी चालत नाहीत, त्यामुळे दीड डॉलरच्या भातासाठी दोन डॉलर दिले की उरलेले दोन हजार रियलमध्ये परत येतात. ते चुरगळलेले, घामट, मासळीचा वास मारणारे असले तरी कुणाची हरकत नसते. डॉलर मात्र आहेराच्या पाकिटातल्यासारखा कोरा करकरीत हवा.

माझ्या पाचाच्या नोटेला कडेला चीर होती. चीर कसली, जेमतेम दिसेल न दिसेल अशी. रशियन मार्केटमधल्या कॉफीवाल्या मावशींना ती दिसली. त्यांनी नोट उजेडात धरली, दोन बोटांनी कड ताणली आणि दोन्ही हातांनी अदबीनं, हसत परत केली. भांडायची सोयच ठेवत नाहीत ही माणसं! टुकटुकवाल्यानं तर नुसत्या स्पर्शानं ओळखलं. गेस्ट हाउसच्या मालकांनी मान हलवली. आदल्या रात्री ती नोट त्यांनीच मला सुट्टे म्हणून दिली होती, हा भाग वेगळा.

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. डॉलर काही तिथे छापत नाहीत. खराब झालेले बदलायला परदेशी पाठवायचे तर बँकांना खर्च. शिवाय 1975 मध्ये ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीनं चलनच रद्द केलं, मध्यवर्ती बँकेची इमारत उडवून दिली. रियल परतला 1980 मध्ये आणि 1992-93 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमेच्या लवाजम्याबरोबर डॉलरचा पूर आला. ज्या गावानं सगळा पैसा एकदा रद्दी झालेला पाहिलाय, ते नोट उजेडात धरणारच.

शेवटी बाजारातल्या नोटा बदलून देणाऱ्या बाईंकडे गेलो. काचेच्या पेटीत नोटांच्या थप्प्या, हातात कॅल्क्युलेटर. बाईंनी चीर पाहिली आणि 16000 टाइप केलं. मी 19000. बाईंनी 16000. मी अतिशय दुःखी चेहरा करून 18000. पुन्हा 16000. मी 17000 टाइप करून हात जोडले. बाईंनी कॅल्क्युलेटर काढून घेतला, आकडा पुसला आणि माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला बोलावलं.

सोळा हजार घेतले.