तवशाचा बीपी १२१/७९ आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवाला मेसेज

गणपतीला मुंबईचे चाकरमानी गावी येताना दरवर्षी काहीतरी नवीन घेऊन येतात, यंदा आमच्या वाडीत तीन घरांत बीपी दाखवणारं घड्याळ आलं, आणि घड्याळाच्याही आधी त्याचा मेसेज. तुम्हालाही आला असेलच. थोडक्यात असा: बीपीचं जुनं मशीन भंगारात टाका, हे घड्याळ दंड न आवळता २४ तास अचूक बीपी सांगतं, डॉक्टरांच्या मशीनशी तंतोतंत जुळतं, एफडीएची मान्यता आहे, कफमुळे (दंडाला आवळायच्या हवेच्या पट्ट्यामुळे) वयस्कर माणसांच्या नसा दबतात, आता गोळी किती घ्यायची ते तुमचं तुम्हीच ठरवा. खाली हात जोडलेले आणि ‘जनहितार्थ’.

आमच्या तात्यांनी (वय ७१, बीपीची गोळी गेली १२ वर्षं) हा मेसेज मला तीनदा पाठवला, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

‘तंतोतंत जुळतं’ हे आधी घेतो, कारण खरी गोम तिथेच आहे. घड्याळ काय करतं, तर खालच्या बाजूने मनगटात हिरवा उजेड सोडतं, प्रत्येक ठोक्याला तिथलं रक्त कमीजास्त होतं तसा परत येणारा उजेड बदलतो आणि त्याची एक लाट तयार होते. ठोके मोजायला हे झकास आहे, त्यात वादच नाही. पण त्या लाटेच्या आकारावरून दाब किती ते सांगणं हा अंदाज झाला. आगरात पंप चालू असताना पाइपावर हात ठेवून बघा, धक्के कळतात, पण प्रेशर किती ते सांगता येईल का? पाइप जुना होऊन कडक झालाय की नवा मऊ आहे, कुठे दुमडलाय का, यावर तो धक्का बदलतो. नसांचंही तेच. म्हणून बऱ्यापैकी कंपन्या सांगतात की आधी दंडाच्या कफवाल्या मशीनने बीपी घ्या आणि तो आकडा घड्याळाला द्या, सॅमसंगच्या घड्याळात तर हे दर २८ दिवसांनी करायला लागतं. म्हणजे जे मशीन भंगारात टाकायला सांगतायत, त्याच्याकडेच घड्याळाची शिकवणी आहे! स्वस्तातली घड्याळं तेवढीही तसदी घेत नाहीत, वय-उंची-वजन विचारतात आणि आकडा ठोकून देतात.

आता जुळतं कसं ते बघा. सकाळी मशीनवर १३० आलं, ते घड्याळाला सांगितलं, दुपारी खुर्चीत बसून पुन्हा बघितलं तर घड्याळ १३१ दाखवणार, कारण एक तर आरामात बसलेल्या माणसाचा बीपी बहुतेक वेळा फार हललेला नसतो आणि दुसरं म्हणजे पेपरचं उत्तर आधीच फोडलेलं आहे. मी भिंतीवर खडूने १३० लिहून ठेवलं तर तेही जुळेल. खरी परीक्षा बीपी हलतो तेव्हा, म्हणजे नवीन गोळी सुरू झाली, माणूस झोपला, व्यायाम केला, हात वरखाली झाला की घड्याळ त्याच्या मागे जातं का. युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शन या बीपीवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेने २०२३ मध्ये बिनकफच्या उपकरणांसाठी सहा वेगळ्या चाचण्या मांडल्या त्या याचसाठी. आणि त्याच मंडळींनी २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की बीपी आहे की नाही ते ठरवायला किंवा औषध ठरवायला ही उपकरणं वापरू नका.

आता तवशाची, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या काकडीची गोष्ट. ऋषिपंचमीला सोप्यात सगळे गप्पा मारत बसलेले, तात्यांच्या हातात पुतण्याने आणलेलं घड्याळ, मी ते काढलं आणि मांडवावरून नुकत्याच काढलेल्या तवशाला पट्टा आवळून बटण दाबलं. हिरवा लाइट लुकलुकला, अर्ध्या मिनिटात आकडा आला, १२१/७९. आमची काकी म्हणते, “अगो बाय, तवशाचो बीपी माझ्यापेक्षा बरो आसा!” तात्या काही बोलले नाहीत, पण तोंड बघण्यासारखं झालं होतं. सगळीच घड्याळं असं करतील असं मी म्हणत नाही, पण ज्याला माणूस आणि तवसं यातला फरक कळत नाही त्याच्या आकड्यावर गोळी ठरवायची?

एफडीएचं बघू. आपल्याकडे एफडीए म्हटलं की सणासुदीला मावा जप्त करणारं खातं, मेसेजवाल्याला बहुधा अमेरिकेतलं, औषधं आणि उपकरणांना मान्यता देणारं म्हणायचंय. तर त्या अमेरिकेतल्या एफडीएनेच सप्टेंबर २०२५ मध्ये लोकांना इशारा दिला की मान्यता नसलेल्या घड्याळ-अंगठ्यांवर बीपी मोजू नका. त्याच महिन्यात अ‍ॅपलच्या घड्याळातल्या एका सोयीला मान्यता मिळाली हेही खरं, पण ती बीपीचा आकडा दाखवतच नाही! ३० दिवसांचं बघून फक्त ‘बीपी जास्त असू शकतो’ एवढं सुचवते, आणि पुढे सात दिवस कफच्या मशीनने मोजा म्हणते. शिवाय पट्ट्यातच छोटी हवेची पिशवी असलेली घड्याळं येतात, त्यातल्या एकाला मान्यता आहे, पण ते तर कफच झालं ना.

‘२४ तास’चं म्हणाल तर जाळी ओढणाऱ्या, माडावर चढणाऱ्या माणसाचं मनगट एका जागी असतं का. मनगट हृदयाच्या १० सेंटिमीटर खाली गेलं की तिथला दाबच ७-८ ने वाढतो. खरंच २४ तासांचा बीपी हवा असेल तर डॉक्टर कमरेला छोटं मशीन लावून देतात, त्यालाही कफच असतो.

कफने नसा दबतात हे साफ खोटं. पाऊण मिनिट आवळतो आणि सुटतो. डायलिसिससाठी फिस्टुला (ऑपरेशनने नसांचा जोड) केलेल्या हाताला लावायचा नाही, स्तनाचं ऑपरेशन झालं असेल तर कुठल्या हाताला लावायचा ते डॉक्टरांना विचारायचं, बस.

राहिली गोळी. तात्यांचं घड्याळ आठवडाभर १२४, १२६ दाखवत होतं, म्हणून त्यांनी कुणाला न सांगता गोळी बंद केली. विसर्जनानंतर डोकं जड झालं म्हणून दवाखान्यात नेलं तर कफवर १७२/९८. घड्याळात तेव्हाही १२५.

आता मशीन घरातच आहे, दंडावरचं, घेताना स्ट्राइड बीपीच्या (तपासून पास झालेल्या मशीनांच्या) यादीत बघून घेतलं. सकाळी चहा आणि गोळीच्या आधी पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर, दोनदा मोजायचं. घरी सरासरी १३५/८५ च्या वर राहिली की डॉक्टरांकडे. तात्या आकडे कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहितात. घड्याळ अजून हातात आहे, बाजारात जाऊन यायला किती पावलं झाली ते मोजायला. तवशाचं आम्ही धोंडस केलं.