गोव्याला आजचं संगीत वाजवणारा एक छोटा वाद्यवृंद हवा

गोव्यात पाश्चात्त्य अभिजात संगीताची मैफल म्हटली की बाख, विवाल्डी, मोझार्ट. हे सगळे मलाही मनापासून आवडतात. पण आज हयात असलेल्या रचनाकाराचं काही कानावर पडावं म्हणून ताटकळावं लागतं. आणि तो रचनाकार गोव्यातलाच असेल, ही तर आपण आशाच सोडली आहे. मला हे पटत नाही.

मोठा ऑर्केस्ट्रा परवडत नाही, हे कारण नेहमी ऐकतो. पण नव्या संगीताला तो लागतोच असं नाही. ऑस्ट्रियन रचनाकार शोनबर्गनं १९१२ साली 'पिएरो ल्युनेर' लिहिलं ते एक गायिका आणि पाच वादकांसाठी. क्रोनोस क्वार्टेट १९७३ पासून चार जणांवर उभा आहे आणि त्यांनी हजाराहून अधिक नव्या रचना आणि मांडण्या करून घेतल्या आहेत. २००५ साली त्यांनी पंचमदांच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला, आशाताईंना सोबत घेऊन. म्हणजे मंगेशीच्या दीनानाथांची लेक गाते आहे आणि साथीला अमेरिकेतली चौकडी! पंचमदांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस आमच्या माजोर्ड्याचे. एवढे धागे इथले, आणि विणकाम मात्र सातासमुद्रापार.

फ्रेंच रचनाकार मेसियाँचं 'काळाच्या अंतासाठी चौकडी' मला फार जवळचं. जर्मनांच्या युद्धकैदी छावणीत, १५ जानेवारी १९४१ ला ते पहिल्यांदा वाजलं. क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो, पियानो अशी ही जुळणी का? तर छावणीत तेवढेच वादक होते आणि पियानोवर तो स्वतः. पहिल्याच भागात पियानो जी लय धरतो ती रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या देशी तालांची. मेसियाँनं हे ताल घेतले शार्ङ्गदेवाच्या 'संगीत रत्नाकरा'तून, आणि तो ग्रंथ तेराव्या शतकात लिहिला गेला यादवांच्या देवगिरीत. आपल्या मराठी मुलखात!

हाताशी जे आहे त्यासाठी लिहायचं, एवढंच सूत्र मला इथे हवं आहे. आणि आपल्या हाताशी काय कमी आहे? चर्चच्या शाळांमुळे पिढ्यान्‌पिढ्या नोटेशन वाचणारे व्हायोलिनवादक आहेत. देवळांत पखवाज, हार्मोनियम आहे. आणि घुमट आहे, म्हणजे एका तोंडाला चामडं ताणलेलं मातीचं मडकं. चवथीच्या आरतीला शामेळ (ढोलासारखं वाद्य) आणि कासाळ्यांबरोबर (झांजा) सुंवारी, म्हणजे घुमटाचं सामूहिक वादन, रंगली की वादकाचा डावा हात बघा. उजवा हात चामड्यावर पडत असतो आणि डावा तळवा मडक्याचं दुसरं तोंड झाकत-उघडत असतो. तेवढ्यानं नाद घोगरा होतो, खाली घसरतो, पुन्हा मोकळा होतो. हे कागदावर कसं लिहायचं? तळवा किती उघडायचा, कुठल्या मात्रेला झाकायचा? यासाठी रचनाकाराला घुमटवाल्याशेजारी दिवसचे दिवस बसावं लागेल. २०१९ मध्ये सरकारनं घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला, फार चांगलं झालं. आता त्याच्यासाठी कुणी तरी नवं लिहूही द्या. चेलोच्या खर्जाखाली तो घसरता नाद कसा लागेल, या विचारानंच मला राहवत नाही.

"हे असलं संगीत ऐकणार कोण?" असं विचारणाऱ्यांना माझं सांगणं आहे की सप्ताहात रात्रभर भजन ऐकत बसणारा समाज आहे हा. गायिका केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर याच मातीतल्या. नवी रचना पहिल्यांदा कानाला टोचते, हे खरं. म्हणूनच ती एकदा वाजवून फाइलीत ठेवून देण्यात अर्थ नाही.

माझी मागणी साधी आहे. कला अकादमीनं पाच-सहा वादकांचा कायमचा गट बांधावा, त्यांना तालमीचे पैसे द्यावेत आणि दरवर्षी निदान एक पंधरा मिनिटांची नवी रचना गोव्यातल्या रचनाकाराकडून लिहून घ्यावी. तिचा एक प्रयोग पणजीत व्हावा आणि दुसरा फोंड्याकडच्या एखाद्या देवळाच्या सभामंडपात. आणि प्रत्येक वेळी ती रचना त्याच बैठकीत दोनदा वाजवावी, मध्ये रचनाकाराला दहा मिनिटं बोलू द्यावं.